कुत्र्याची बाजू घेणारे इंगोले सर

इंगोले सरांकडे कोणी कुत्र्याची चौकशी करायला आलं, की सर आधी त्याच्या चपला बघत. दाराबाहेर काढलेली चप्पल उचलून उलटी करायची, टाच कितपत झिजली आहे ते अंगठ्याने चाचपायचं, आणि मग माणसाला आत बसवायचं की अंगणातूनच वाटेला लावायचं ते ठरवायचं. टाच नवीकोरी दिसली तर फार बोलत नसत. "तुमी मासे पाळा," एवढंच म्हणत आणि आत निघून जात.

आमच्या अमरावतीच्या शाळेत ते पी.टी.चे सर होते, मी मराठी शिकवत होते. काटकुळे, उंच, उन्हाने रापलेले. निवृत्तीनंतरही गळ्यात शिट्टीची दोरी असायची, शिट्टी नसली तरी. तरुणपणी बडनेऱ्याच्या एका रेल्वे साहेबाने बदली होताना त्यांना एक छोटं टेरियर कुत्रं दिलं होतं. तिथून हे वेड लागलं. एकामागून एक अशी तीन कुत्री त्यांनी पाळली, तिघांनाही आपल्या हातांनी माती दिली, आणि गुडघे गेल्यावर स्वतःच ठरवलं की आता बस. "माहे गुडघे आता कुत्र्याच्या लायकीचे राह्यले नाई, मॅडम," असं मला म्हणाले होते. लोकांना नाही म्हणणारा माणूस स्वतःलाही नाही म्हणतो, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

पण गावात कोणाला जॅक रसेल किंवा तसलं छोटं टेरियर घ्यायचं असलं, की प्राण्यांचे डॉक्टरसुद्धा सांगत, आधी इंगोले सरांना भेटून या. सर कुत्री विकत नव्हते. कुठे पिल्लं झाली आहेत, कोणाला कुत्रं झेपेनासं झालं आहे, याची खबर त्यांच्याकडे असायची, आणि ते मध्ये उभे राहून या हातातून त्या हातात द्यायचे. दहा जण आले तर नऊ परत जात.

वरूडचे एक संत्रा बागायतदार आले होते, तेव्हा मी तिथेच होते. नातवंडांसाठी कुत्रं हवं होतं. म्हणाले, "सर, जागेची काई चिंता नाई. दहा एकर बगीचा हाये."

सर म्हणाले, "बगीचा कुत्र्याले फिरवते का?"

"म्हंजे?"

"माणूस फिरवते. तुमच्या घरी सकाळी पाचले कोन उठते?"

बागायतदारांनी विचार केला. "गडी उठते."

"मंग गड्याले पाठवा माह्याकडं. त्याले विचारतो."

गृहस्थ चिडून गेले. सर मात्र तासभर मला समजावत होते. आकारावर लोक फसतात म्हणे. मांडीवर मावतं म्हणून मांडीवरचं कुत्रं समजतात. "शरीर हे वीतभर, अन् इंजिन ट्रॅक्टरचं. बिळात शिरून उंदीर, कोल्हं बाहेर काढासाठी बनवलेलं हाये थे. त्याले काम नाई दिलं तर थे सोताच काम शोधते. मंग तुमची गादी फाडते, कुंड्या उकरते, दिवसभर भुकते, अन् तुमी म्हन्ता कुत्रं खराब निघालं. कुत्रं नाई, मालक खराब निघाला."

दुसरी गोष्ट मला त्यांच्या बायकोने, इंगोले काकूंनी सांगितली. मोठ्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी कोणाचा तरी फोन आला, की कुत्रं मुंगसामागे नालीच्या पाइपात शिरलं आणि अडकलं. सर नव्या सदऱ्यावर तसेच गेले. चार तास नालीत पोटावर पडून होते. कुत्रं निघालं, पण सर घरी आले तेव्हा पाहुण्यांची जेवणं उरकली होती, आणि व्याह्यांसमोर सर चिखलाने माखलेले उभे. मुलगी कित्येक दिवस बोलली नाही. काकू म्हणाल्या, "मी म्हटलं, अहो पोरीचं तरी पहा. तर म्हन्तात, तिले नंतर सांगता येते, मुक्या जिवाले सांगता येत नाई."

हे ऐकून मी हसले होते.

माझी स्वतःची गोष्ट अशी, की मला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. नवरा बदलीच्या गावी, मुलगी शिकायला बाहेर, घरात मी एकटी. कुत्रं असलं तर रोज बाहेर पडणं होईल, असा माझा हिशेब. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझी चप्पल बघितलीच, शिवाय वहीचं पान घेऊन बसले. सकाळी किती वाजता उठता? शाळेत गेल्यावर अकरा ते पाच घरी कोण? उन्हाळ्यात काय कराल? गुडघे दुखतात का? दिवाळीत मुलीकडे गेलात तर कुत्रं कुठे? अंगणाला भिंत केवढी? नवऱ्याला कुत्रं आवडतं का, की नुसतं चालतं?

मध्येच म्हणाले, "अकोल्यात कोन हाये तुमचं?"

"कोणी नाही. का?"

"काई नाई, असंच."

शेवटी म्हणाले, "तुमाले कुत्रं पायजे, का चालाले निमित्त पायजे?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मंग पयले चालून दाखवा."

त्यांनी मला एक पट्टा दिला. नुसता पट्टा, त्याला कुत्रं नाही. महिनाभर रोज सकाळी पाचला आणि संध्याकाळी सहाला, तो हातात घेऊन छत्री तलावाच्या रस्त्याने पाऊण पाऊण तास चालायचं. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मी पहिल्याच आठवड्यात चुकले. त्यांनी शांतपणे पुन्हा एकपासून मोजायला लावलं. रिकामा पट्टा घेऊन चालणारी बाई बघून लोक वळून बघत. एका ओळखीच्या बाईंनी काळजीने विचारलं, "मॅडम, कुत्रं पळालं का?" मे महिना होता. सर कधी कधी सायकलवर येऊन गाठत, रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर हात देऊन कण्हत वाकत आणि डांबरावर उलटा तळहात टेकवून दाखवत. "दहा मोजेपर्यंत हात राहत असन तर त्याचा पाय राहीन. नाई तर मातीवरून न्या."

महिना पूर्ण झाला. मी चार किलोंनी उतरले होते, साखरही उतरली होती. कुत्रं नसतानाच मला कुत्र्याचा उपयोग झाला होता. तरी ज्या दिवशी सर रिक्षातून तिला घेऊन आले, तो दिवस मला मुलीच्या जन्मानंतरचा सगळ्यात मोठा वाटला. पांढरी, डाव्या डोळ्यावर आणि कानावर तपकिरी डाग, चार वर्षांची. "चिमणी," सरांनी नाव सांगितलं. अकोल्याचे एक डॉक्टर होते, कुटुंबासकट अमेरिकेला गेले, कुत्रं नेता आलं नाही.

"परत नाही ना मागणार?" मी विचारलं.

"थे आता येत नाईत," सर म्हणाले.

दीड वर्ष चिमणी माझ्याकडे होती. पहिल्या महिन्यात तिने तुळशीचं वृंदावन सोडून अंगणातलं सगळं उकरलं. शाळेतून परत येईपर्यंत तिला गुंतवून ठेवायला काय काय करायचं ते सरांनी शिकवलं: जुन्या टॉवेलात फुटाणे गुंडाळून गाठी मारायच्या आणि तिला सोडवायला द्यायच्या, अंगणाचा एक कोपरा फक्त उकरायला राखून ठेवायचा. पाचला ती माझ्या पांघरुणावर पाय देऊन उभी राहायची. पाच वर्षं मी जे मैत्रिणींना सांगत आले होते, की उद्यापासून नक्की, ते आता खरंच रोज होत होतं. सरांवर माझा इतका विश्वास बसला होता, की मुलीच्या लग्नाचं स्थळसुद्धा मी आधी त्यांना सांगितलं.

मग सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ते घरी आल्यावर मी रोज संध्याकाळी चिमणीला त्यांच्याकडे न्यायचे. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळायचा. एका रविवारी मात्र सकाळीच गेले. दाराशी एक वॉकर उभा होता. आत सरांच्या खाटेजवळ खुर्चीत, माझ्याकडे पाठ करून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, पातळ खांदे. चहाचा कप काकूंच्या हातात तसाच थांबला.

चिमणी उंबऱ्यावर थबकली. नाक वर केलं. आणि असा हिसका दिला, की पट्टा माझ्या हातातून सुटला. ती त्या गृहस्थांच्या मांडीवर चढली, तोंड, हात, दाढी चाटू लागली, आणि तिच्या गळ्यातून असा बारीक आवाज येऊ लागला, जो मी दीड वर्षात ऐकला नव्हता.

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही आधी. त्यांचा हात आपोआप तिच्या डाव्या कानामागे गेला. तिथे एक लहानशी गाठ आहे. मला वाटायचं ती फक्त मलाच माहीत आहे.

"नन्ही?" ते म्हणाले.

सरांनी डोळे मिटून घेतले.

हे सलीमभाई. अकोल्यात जुन्या बाजारात त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान. सरांचे कॉलेजपासूनचे मित्र. दोघं एकाच संघात कबड्डी खेळायचे. फोन केला असता तर सरांनी येऊ नको म्हटलं असतं, म्हणून पुतण्याच्या गाडीतून न सांगता आले होते. खुब्याचं हाड मोडून ते खाटेवर पडले, तेव्हा सर म्हणाले होते, तू उठेपर्यंत कुत्रं मी नेतो. दोन महिन्यांनी सरांचा फोन गेला, की ती ट्रकखाली आली.

"इंगोले," सलीमभाई म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तूनं मले सांगतलं होतं, चिंचेच्या झाडाखाली माती दिली म्हणून. मी त्या दिवशी दुकान नाई उघडलं. माह्या बायकोनं पाळली होती हिले. बायको गेल्यावर हेच एक राह्यलं होतं घरात."

सर उठून बसायचा प्रयत्न करू लागले. काकूंनी त्यांना धरलं. "सलीम, तुह्यानं उठवत नव्हतं. मी चार डाव येऊन पायलं. दिवसभर खाटेच्या पायाले बांधलेली राहे. नखं वाढून वाकडी झाली होती तिची. फिरनं नाई, काई नाई. असं कुत्रं बांधून ठेवनं म्हंजे…"

"मंग मले म्हनाचं ना. सलीम, दे हिले कोनाले तरी."

"तू दिली नसती."

"तूनं मागून पायली का?"

सरांनी पांघरुणाची कड सरळ केली.

"एक डाव तरी मागून पायली का रे?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. दीड वर्ष त्या मला चहा देत होत्या, चिमणीसाठी बिनमिठाची भाकरी बाजूला काढून ठेवत होत्या, आणि त्यांना माहीत होतं.

"आणि ते अमेरिकेचे डॉक्टर?" मी सरांना विचारलं.

"मॅडम, तुमी चांगली सांभाळली ना तिले," सर म्हणाले. जणू मी तेच विचारलं होतं.

मला एकदम तो प्रश्न आठवला, अकोल्यात कोण आहे तुमचं. मी तेव्हा हसून कोणी नाही म्हटलं होतं. तो सगळा महिना, ते पुन्हा एकपासून मोजणं, ती चाललेली मैलोन्‌मैल वाट. मी पास झाले म्हणून मला कुत्रं मिळालं, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. आता कळेना, की सरांनी मला तपासून निवडलं, की फक्त अकोल्यात माझं कोणी नाही म्हणून निवडलं. आजही कळलेलं नाही. आणि सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. सलीमभाई माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाले, "मॅडम, आपको मालूम था?"

मी नकारार्थी मान हलवली. माझ्या डोळ्यांत बघून त्यांनी विश्वास ठेवला, हे त्यांचे उपकार. मी खाली लोंबणारं पट्ट्याचं टोक उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. सर म्हणाले, "मॅडम, काय करून राहिल्या तुमी?" मी त्यांच्याकडे न बघता बाहेर पडले.

घरी आले तर अंगणात तिने अर्धवट उकरलेला खड्डा होता. त्या आठवड्यात मी चालायला गेले नाही. पाचला जाग यायची आणि मी तशीच पडून राहायचे.

पाचव्या का सहाव्या दिवशी सकाळी सर माझ्या फाटकाशी आले. पोटावर हात धरून, वाकून चालत. डॉक्टरांनी अजून बाहेर पडायला मना केलं होतं. मला वाटलं माफी मागायला आले. पण सर रागावलेले होते.

"तुमी दिली तिले परत? त्या खाटेले बांधाले? महिनाभर फिरवलं तुमाले, काय शिकल्या तुमी?"

"सर, मला खोटं का सांगितलं?"

"खरं सांगतलं असतं तर ठेवून घेतली असती तुमी?"

"नाही."

"मंग?" सर म्हणाले.

त्यांच्या दृष्टीने बोलणं तिथे संपलं होतं. ते वळले आणि भिंतीचा आधार घेत घेत निघून गेले. मी त्यांना आत बोलावलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. दारात आलेल्या माणसाशी मी असं पहिल्यांदाच वागले.

नवव्या दिवशी सलीमभाईंचा फोन आला. "मॅडम, नन्ही पट्टा मूंमध्ये घेऊन येते आन् माह्यापुढं बसते. मी वॉकर घेऊन दारापर्यंत जातो, तिथून परत. ती माह्याकडं पाहते. पुतण्या म्हन्ते मी फिरवीन, दोन दिवस फिरवली, तिसऱ्या दिवशी विसरला." दुकानातल्या घड्याळांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. "इंगोलेनं जे पायलं ते बराबर होतं. नन्ही तुमच्याजवळच ठीक हाये. पर ये बात मेरेको बोलना था, मॅडम. त्यानं माह्या तोंडातून काढून घेतली."

मी माझी जुनी गाडी घेऊन अकोल्याला गेले. त्यांनी स्वतः तिच्या गळ्यात पट्टा घातला, स्वतः माझ्या हातात दिला. कुत्रं मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी मिळालं.

तेव्हापासून महिन्यातून दोन रविवार मी तिला अकोल्याला नेते. तिथे ती नन्ही असते, इथे चिमणी. मी छत्री तलावाची वाट सोडून दिली, आता दुसऱ्या बाजूने फिरतो आम्ही. शाळेच्या कार्यक्रमात सर लांब दिसले तर मी जागा बदलून बसते. त्यांनी शिकवलेलं सगळं मात्र रोज करते. टॉवेलाच्या गाठी, कोपऱ्यातली माती, डांबरावर उलटा हात. एकाही गोष्टीत त्यांची चूक नव्हती. म्हणून राग जास्त येतो.

सर मला शेवटचे दिसले ते या मार्चमध्ये, अकोल्यातच. सलीमभाईंच्या दुकानासमोर एका बंद दुकानाची पायरी आहे. त्या पायरीवर सर बसले होते. एकटे, मांडीवर कापडी पिशवी. चिमणी ओळखून त्यांच्याकडे ओढू लागली. मी पट्टा आवळून धरला. सरांनी हात पुढे केला नाही. बसल्या जागेवरून तिला नाकापासून शेपटीपर्यंत निरखलं आणि म्हणाले, "वजन वाढलं हिचं, मॅडम."

"हो," मी म्हटलं.

"बिस्किटं देत असन सलीम."

मी उत्तर न देता रस्ता ओलांडून दुकानात गेले. सलीमभाई डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकले होते. वर न बघता म्हणाले, "बैठा है अभी?"

"हो. कधीपासून?"

"मैन्यातून एकदा येते. बसते, जाते. तीन मैने झाले."

"तुम्ही बोललात का?"

त्यांनी चिमट्याने एक बारीक चक्र उचललं, उजेडात धरलं, परत ठेवलं. नन्ही त्यांच्या पायाशी जाऊन आडवी झाली.

"धूप में बैठा है?"

मी मागे वळून बघितलं. पायरीवरची सावली सरकली होती. "हो, उन्हात."

सलीमभाईंनी भिंग काढून ठेवलं. मला वाटलं हाक मारतील. त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि बसल्या जागेवरून दाराला लावली.

"बैठने दो," म्हणाले, आणि दार लोटलं.

दार पूर्ण लागायच्या आधी मला सर दिसले. कपाळावर आडवा हात धरून ते इकडेच बघत होते, सलीमभाईंकडे नाही, माझ्याकडे नाही, खाली फरशीवर पसरलेल्या तिच्याकडे. उठले मात्र नाहीत.